केसभर फरक

मटाराएवढा, राखाडी, बोटाला किंचित चावणारा तो मणी ती कधीपासून चिमटीत फिरवत होती... ताठ नायलॉनच्या केसाच्या टोकाला बसवलेला एक मणी, आणि तसेच कितीतरी केस, कितीतरी मणी – सगळे मिळून एक ब्रश. ड्रिलला लावून, तेलात बुडवून इंजिनच्या सिलिंडरमध्ये सोडला की हे मणी भिंतीला अंग घासत गरगर फिरतात आणि तिरक्या रेघांची अशी काही जाळी उमटवतात की बघणाऱ्यानं बघतच राहावं. पण भिंतीला ते वळण लावत नाहीत. सरळ असेल तर सरळ, वाकडी असेल तर वाकडी. मणी आपले तिच्या कलानं घेतात.

टेबलावर ब्रशच्या शेजारी तीन पायांचा स्प्रिंगवाला होन – भिंत घासायचंच दुसरं हत्यार – पडला होता. पायांना लांबट दगड. पण स्प्रिंग आली म्हणजे नमतं घेणं आलंच, तोही तसा भिंतीच्याच बाजूचा. आणि पलीकडे लाकडी पेटीत, फडक्यात गुंडाळलेला, बाबांचा जड होन. त्याला लाडीगोडी ठाऊक नाही. त्याचे दगड एकदा मापावर बांधले की बांधले. भिंत जिथे आत आली असेल तिथे तो घासणार, मागे असेल तिथे शिवणारसुद्धा नाही. वेळखाऊ, मनगटाचा जीव काढणारा. पण वाकडं सरळ करायचं तर तोच.

आणि काल आलेला इंजिनचा ब्लॉक वाकडा होता. सकाळी शटर वर केल्या केल्या तिनं मापाचा डायल गेज आत घालून बघितला होता, मग विश्वास बसेना म्हणून गेज पुसून पुन्हा. चारही सिलिंडर वरच्या तोंडाशी मापाला बरोबर, आणि खाली जाता जाता भिंती एकमेकींच्या जवळ सरकलेल्या. केसभर. डोळ्यांना दिसणार नाही, बोटाला कदाचित लागेल इतकंच. ज्यानं बोअरिंग केलं, भिंती कातल्या, त्यानं ब्लॉक मशीनवर सरळ बसवलाच नव्हता.

ज्यानं बोअरिंग केलं, तो म्हणजे दादा.

इतक्या वर्षांनंतरही मनात त्याला हाक मारायची तर तोंडात दादाच येतं, याचा तिला सगळ्यात जास्त संताप होता. सख्खा नव्हे, चुलतही नव्हे. बाबांच्या हाताखाली शिकायला आला आणि घरचाच झाला. तिला शाळेत सोडणारा, तिच्या सायकलची साखळी चढवणारा, जेवायला बसला की आईला ‘काकू, थोडं मीठ’ म्हणणारा दादा. असल्या माणसाला दुसऱ्या कुठल्या नावानं शिव्या घालायच्या? ती प्रयत्न करून बघायची. ‘तो माणूस’ म्हणायची. ‘पुलापलीकडचा’ म्हणायची. आणि एकटी असली, लेथवर काहीतरी कातत असली, की त्या आवाजाखाली हळूच म्हणायची – दादा, तुझं वाटोळं होवो.

काल तो आला. टेम्पोवाल्याकडून ब्लॉक उतरवून घेतला आणि शटरच्या चौकटीतच उभा राहिला, आत ये म्हणण्याची वाट बघत. ती म्हणाली नाही.

‘माझ्या होनिंग मशीनची मोटर जळलीय, ठमे,’ तो म्हणाला. ‘दूधवाल्याच्या टेम्पोचं इंजिन आहे. बोअर मी केलाय, भिंती सरळ आहेत, मी बघितल्यात. तू नुसता ब्रश फिरवून दे.’

ठमे. म्हणजे लहानपणचं तेही त्यानं सोबत आणलं होतं, पिस्टनच्या खोक्याबरोबर. केस पांढरे झालेले, खांदे उतरलेले. आणि बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता; तिच्या कानाकडे बघत होता. तिच्या डोळ्याला डोळा द्यायची त्याची छाती नव्हती. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिनं ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं – ते कानाकडे वळलेले डोळे – आणि झोप लागेपर्यंत तिला गोड वाटत राहिलं. लाज. शेवटी लाज वाटली तर तुला. इतकी वर्षं लागली, पण वाटली.

आणि आज सकाळी हा केसभर फरक.

तिनं मणी सोडला. केस थरथरून सरळ झाला.

म्हणजे बघ... पिस्टन तापतो. तापला की फुगतो, फुगला की त्याला जागा लागते, केसभर. ती जागा खाली नाहीये. ब्रश फिरवला तर जाळी सुरेख येईल, दूधवाला खूश होईल, थंड इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होईल. दोन दिवस, चार दिवस. मग एका दुपारी भरल्या कॅनांसकट चढावर गाडी घातली की पिस्टन खाली भिंतीला धरणार, एकदा कण्हणार आणि जागच्या जागी बसणार. इंजिन उघडतील. गेज लावतील. बोअर कुणी केला होता? – पुलापलीकडच्यानं. ब्रश कुणी फिरवला होता? – तिनं, पण तिला जेवढं सांगितलं तेवढं तिनं केलं. बस्स. मला कुणी बोट लावू शकत नाही. मी काहीच करायचं नाही, फक्त ऐकायचं, घरातल्या धाकट्या मुलीनं मोठ्या भावाचं ऐकावं तसं. सूड उगवायचा तर माणसं काय काय करतात. इथे तर नुसतं हो म्हणायचं होतं.

दूधवाल्याचा विचार मनात आला. तो तिनं टेबलावरच्या लोखंडी भुश्शासारखा हातानं बाजूला सारला. त्याचं एका दिवसाचं दूध नासेल. आमचं काय काय नासलं, ते कुणी मोजलंय?

तिनं ब्रशचा दांडा ड्रिलमध्ये आवळला. तेलाचं भांडं पुढे ओढलं... आणि हात तिथेच थांबला, कारण तेलात खिडकी दिसली. वरच्या खोलीची खिडकी, वर्कशॉपवर उघडणारी. आणि तिच्यात बसलेले बाबा, तेव्हा असायचे तसे.

उजव्या हातावर बसायचे ते. अक्षरशः – तळहात मांडीखाली दाबून. म्हणजे तो कुणाला दिसू नये. आधी बोटं थरथरायची, मग मनगट; डायल गेज धरला की काटा उगाचच नाचायचा आणि बाबा म्हणायचे, हा गेजच बिघडलाय, नवा आणायला हवा. नवा आणला. तोही नाचला. मग ती दुपारी, बाबांचा डोळा लागला की, त्यांनी केलेलं काम हळूच पुन्हा मोजायची, जिथे घसरलं असेल तिथे नीट करायची, आणि हत्यारं होती तशी ठेवून द्यायची. महिनोन्महिने चाललं होतं ते. गिऱ्हाइकाला कळलं नाही, बाबांना कळलं नाही – निदान त्यांनी तसं दाखवलं नाही. दादाला कळलं होतं. एकदा ती ब्लॉकवर वाकलेली असताना तो पाण्याची बाटली न्यायला परत आला, बघितलं आणि काही न बोलता गेला. तिला वाटलं, आपल्यात एक गुपित झालं. किती बरं वाटलं होतं तेव्हा, की आता हे ओझं उचलायला दुसराही हात आहे!

मग तो गेला. पुलापलीकडे स्वतःचं वर्कशॉप टाकलं. जाईना का, माणसं जातात. पण थोड्याच दिवसांनी एक जुनं गिऱ्हाईक, बाबांच्या लग्नाला हजर असलेला माणूस, ठेवून गेलेला ब्लॉक परत न्यायला आला. काम सुरूही झालं नव्हतं. नजर जमिनीवर. ‘राहू दे,’ म्हणाला, ‘घाई नाही तशी... दुसरीकडे बघतो.’ बाबांनी विचारलं, का रे? तो काहीतरी पुटपुटला. आणि मग त्याला एकट्याला ब्लॉक उचलवेना, म्हणून बाबाच पुढे झाले, त्याच्याबरोबर ब्लॉक उचलू लागले – त्या हातानं. ब्लॉक थरथरत होता. टेम्पोत टेकवताना तिघांनाही तो खडखडाट ऐकू येत होता. बाबांच्या हातातली थरथर लोखंडातून उतरून टेम्पोच्या पत्र्यावर वाजत होती.

नंतर कळलंच. बाजारात दादानं सांगितलं होतं – म्हाताऱ्याचा हात आता कापतो. एवढंच. एक वाक्य. ते दुकानादुकानांतून फिरलं आणि एकेक ब्लॉक घेऊन गेलं. बाबा वर गेले, खिडकीत बसले, आणि खाली उतरले ते चार माणसांच्या खांद्यावरून.

तिनं ड्रिल चालू केलं.

पहिल्या सिलिंडरमध्ये ब्रश खाली-वर, खाली-वर, हात सैल, लय सांभाळून. मण्यांची सळसळ, तेलाचा वास, आणि अंगात एक गार, शहाणा आनंद. तिनं डूख धरून ठेवला होता हे तिला माहीतच होतं. पण तो इतका जिवंत असेल, इतका तेलपाणी केल्यासारखा, हे तिला आता कळत होतं. ब्रश बाहेर काढून तिनं भिंत पुसली, बॅटरीचा झोत मारला. जाळी अशी उमटली होती की बाबांनी पाठ थोपटली असती. खोटी असूनही सुंदर. की खोटी म्हणूनच?

जेवायला वर गेली तर आईनं ताट वाढून ठेवलेलं.

‘काल तो आला होता ना?’ आईनं विचारलं. ‘आवाज ओळखला मी.’

‘कोण?’

‘कोण म्हणे. वर का नाही पाठवलंस?’

तिनं घास तसाच धरला. ‘आई, तू त्याला वर बोलावणार होतीस?’

‘बोलावणार होते की हाकलणार होते, ते तो वर आला असता तर कळलं असतं मला.’ आई पाणी प्यायली, पेला खाली ठेवून त्या पेल्याकडेच बघत राहिली. ‘राग नाही असं नाही गं. पण तो जे बोलला ते सगळ्यांना दिसतच होतं. मला दिसत होतं. तुला दिसत होतं. आपण बोललो नाही, एवढंच.’

आपण बोललो नाही एवढंच! आई, तेवढंच तर सगळं असतं. घरचं माणूस म्हणजे काय? – ज्याला दिसतं आणि जो बोलत नाही. पण हे ती बोलली नाही. तिनं घास गिळला, आणि आई म्हणाली, भाजीत मीठ कमी झालंय का गं, आज कुणी सांगितलंच नाही. आणि त्या ‘कुणी’मध्ये कोण बसलंय हे दोघींनाही कळलं, आणि तिला आईचासुद्धा राग आला, अगदी पायापासून डोक्यापर्यंत, की हिला तो आठवतो तो मीठ मागताना आठवतो.

खाली आली तर दादा आलेला. या वेळी आत. काम कुठवर आलंय ते बघायला म्हणून आला असणार. तो ब्लॉकपाशी उभा होता आणि पहिल्या सिलिंडरमध्ये त्याची चार बोटं होती, मनगटापर्यंत. भिंतीवरून बोटं फिरवत होता, डोळे मात्र समोर, खिडकीबाहेर कुठेतरी.

‘छान आलीय जाळी,’ तो म्हणाला.

तिला हसू फुटणार होतं. म्हणजे तूच पास केलंस, दादा. तुझ्याच तोंडानं. एवढा मोठा कारागीर तू, बाबांच्या हातातली थरथर हेरणारा, तुझी नजर अशी की पाण्याची बाटली न्यायला आलास तरी सगळं टिपून गेलास – आणि स्वतःचा वाकडा बोअर तुला दिसत नाही! हा विजय तिला आणखी थोडा चाखायचा होता; बेत फुटला तरी चालेल, पण स्वतःचा वाकडा बोअर वाचताना त्याचं तोंड बघायचं होतं. म्हणून, केवळ म्हणूनच, तिनं डायल गेज दुसऱ्या सिलिंडरमध्ये सोडला, तळापर्यंत, आणि म्हणाली,

‘हा बघ की जरा. किती दाखवतोय?’

तो वाकला. गेजची तबकडी त्यानं दाराच्या उजेडाकडे वळवली. मग मान एका बाजूला कलली, मग दुसऱ्या. एखादं पाखरू दाणा बघतं तसा तो तबकडीकडे तिरका, कडेनं बघत राहिला.

‘शून्य,’ तो म्हणाला. ‘बरोबर शून्यावर आहे.’

काटा शून्याच्या जवळपासही नव्हता. काटा तबकडीच्या पार दुसऱ्या अंगाला होता. सकाळपासून गेज पुन्हा शून्यावर आणायचंच तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. शाळकरी पोरानंही सांगितलं असतं.

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि तो – तो तिच्या कानाकडे बघत होता.

अरे... 

म्हणजे लाज नव्हती ती. काल रात्रभर मी जी चघळत बसले, ती लाज नव्हतीच. 

‘शून्यावर नाहीये तो, दादा,’ ती म्हणाली. हाक तोंडातून निसटली होती.

‘मग किती आहे?’

‘तू सांग.’

त्यानं पुन्हा तबकडी वळवली. अंगठा काचेवरून फिरवला, जसा काही काटा बोटाला लागणार होता. तिनं मदत केली नाही. तो अंगठा काचेवर फिरताना बघणं तिला हवं होतं. हे ती स्वतःपासूनही लपवणार नव्हती.

‘मधलं दिसत नाही,’ तो शेवटी म्हणाला. ‘कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणतो, आता एवढंच राहील, तेही राहिलं तर. तुझ्या तोंडाच्या जागी एक डाग आहे, ठमे. कान दिसतो.’

‘मोटर?’

‘मोटर ठीक आहे.’

‘बोअर खाली आवळलाय. चारही.’

त्यानं मान हलवली. आश्चर्य नव्हतं त्यात. ‘बोटाला वाटलं मला. पण म्हटलं, बोटाचं काय खरं. म्हणून तुझ्याकडे आणला.’

‘मग सरळ आहे, ब्रश फिरव, असं का म्हणालास?’

त्यानं अंगठा काचेवरून उचलला. ‘तू मोजल्याशिवाय ब्रश लावायची नाहीस, हे माहीत होतं,’ तो म्हणाला. ‘बाबांनी तुला तसंच शिकवलंय. मोजशील, तुझं तुला कळेल, आणि मला तोंडानं सांगायला लागणार नाही.’

आणि पहिल्या सिलिंडरची जाळी दोघांच्या मध्ये चकाकत होती. त्याला ती दिसत नव्हती. तिनं मोजलं होतं, तिला कळलं होतं, आणि तिनं ब्रश लावला होता – आणि बोटं आत घालून त्याला ते कळलंही असावं, किंवा नसावं. तो ‘छान’ म्हणाला होता. त्या छानचा अर्थ काय, हे आता त्याला विचारायची तिची तयारी नव्हती.

तिनं दुसरंच विचारलं. आयुष्यभर घोकलेलं. ‘बाबांचं तू बाजारात सांगितलंस.’

‘हो,’ तो म्हणाला.

ती थांबली. पुढचं येऊ दे म्हणून. ‘पण’, ‘माझा हेतू’, ‘तुला काय माहीत’, ‘मला वाटलं होतं’ – यातलं प्रत्येक वाक्य येईल म्हणून तिनं त्याची उत्तरं कधीच तयार करून ठेवली होती, एकाहून एक धारदार. एक ‘हो’ देऊन तो उभा होता, आणि तिच्या हातात सगळी उत्तरं तशीच राहिली, न वापरलेली.

‘उद्या संध्याकाळी ने,’ ती म्हणाली.

जाताना तो चौकटीला हात लावून पायरी चाचपत उतरला. रस्त्यात कडेकडेनं चालला, भिंतीला धरून नव्हे, पण भिंतीजवळून.

नंतर तिनं ब्रश ड्रिलमधून काढला. कुणी विचारलं असतं तर तिला कारण सांगता आलं नसतं. दया आली म्हणावं, तर दया नव्हती. पोटात अजून तीच आग होती, उलट वाढली होती. पण तिला हरवायचा होता तो बघणारा दादा. त्याच्या नजरेसमोर, त्याच्या नजरेला चकवून. हे जे आता होणार होतं ते झोपलेल्या माणसाचा खिसा कापण्यासारखं होतं, आणि एवढी वर्षं जतन केलेला सूड असल्या फुटकळ चोरीवर उधळायचा? इतकी काही स्वस्त नाही मी. तिनं पेटी उघडली, फडकं सोडलं. बाबांचा जड होन हातात घेतला की आधी खांदा ओळखतो. दगड मापावर बांधले. पहिल्याच सिलिंडरपासून, ती सुंदर जाळी असलेल्या, सुरुवात केली. आणि तळाशी पोचल्याबरोबर होन अडला, गुरगुरला, हाताला झटका बसला. तिथे भिंत आत आली होती. ती थांबली नाही. जाळी पुसली जाताना ती बघत होती. खाली थोडं, मग आणखी थोडं, मग काढून मोज, मग पुन्हा. मनगट भरून आलं, पाठ ओली झाली, आणि होनचा आवाज हळूहळू वरून खालपर्यंत सारखा होत गेला... हे तुझ्यासाठी नाही, दादा. हे तुझ्यासाठी करतेय असं समजू नकोस. उद्या तू यात बोटं घालशील आणि तुला कळेल की सरळ झालंय, आणि कुणी केलंय. आणि परवा दुसरा ब्लॉक घेऊन येशील, कारण दुसरं कुणी नाही तुला. मग तिसरा. नाक मुठीत धरून. आणि प्रत्येक वेळी तुला माझ्या तोंडाकडे बघून ओळखायचं असेल की मी अजून बाजारात तुझ्या डोळ्यांचं सांगितलेलं नाही ना. आणि माझं तोंड तर तुला दिसणार नाही.

हे मनात आलं आणि ती क्षणभर थांबली. इतका नीट बसवलेला विचार तिच्या आधीच्या कुठल्याही बेतात नव्हता. ब्रशपेक्षा कितीतरी सरस. तिला स्वतःची थोडी भीती वाटली, आणि थोडं कौतुकही.

शेवटचा हात द्यायला बारीक दगड लागतात. तिच्याकडचे झिजून संपलेले. दिवेलागणीला ती स्पेअरच्या दुकानात गेली.

दुकानदाराला सगळे दवंडीकाका म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. या काउंटरवर पडलेला शब्द दुकानाचं कुलूप लागायच्या आत पुलापलीकडे पोचायचा. त्यांनी दगडांचं पाकीट काचेवर ठेवलं आणि त्यावर हात तसाच राहू दिला.

‘टेम्पो दिसला काल तुझ्या दारात,’ ते म्हणाले. ‘त्याचा ब्लॉक तुझ्याकडे? सूर्य पश्चिमेला उगवला की काय?’

‘काम आहे, काका. द्या ते.’

‘काम त्याच्याकडे काय कमी आहे? मशीन आहे, सगळं आहे. मग? काहीतरी झालंय त्याला. मला लागलीच वास येतो.’ ते पुढे झुकले, अगदी मायेनं. ‘तुझ्या बाबांच्या वेळीही मलाच आला होता पहिल्यांदा. इथेच उभा होता तो, तुझा दादा. मी म्हटलं, का रे सोडलंस म्हाताऱ्याला? काही बोलेना. दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी नाही. मी काय सोडतो? खोदून खोदून विचारलं. म्हटलं, हात मारलास का गल्ल्यावर, म्हणून हाकललं? तेव्हा कुठे म्हणाला, नाही हो, त्यांचा हात कापतो, मला बघवत नाही.’

काचेखाली छोट्या छोट्या डब्यांत वॉशर, स्प्रिंगा, खिळे. तिनं तिथेच नजर ठेवली.

बघवत नाही. हा वाक्याचा दुसरा तुकडा तिच्यापर्यंत कधी आलाच नव्हता. पुलावरून येताना तो कुठेतरी पडून गेला होता, किंवा इथेच, या काउंटरवर, कुणी तो उचललाच नव्हता. तिनं इतकी वर्षं एक माणूस बघितला होता – बाजाराच्या मधोमध उभा, वाक्य सुरीसारखं उगारलेला. आणि तिथे होता एक चिडलेला, कोंडीत सापडलेला तरुण, सुट्या सामानाची वाट बघत, आपण चोर नाही एवढं सिद्ध करायला निघालेला. म्हणून काही त्याला सोडायचं का? नाही. बोलला तर तो होताच. त्यानं ‘हो’ म्हटलं होतं आज, आणि ‘मला विचारलं’ असं म्हटलं नव्हतं. पण रागाला धरायला जी मूठ होती ती तिच्या हातातून गेली, आणि राग तसाच उरला, बिनमुठीचा, कुठूनही धरला तरी कापणारा. तिला लुटल्यासारखं वाटलं. एवढा एक द्वेष होता माझा, सरळ, मापात बसलेला...

आणि तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं. कधी तयार झालं तिला कळलंच नव्हतं. त्याला मधलं दिसत नाही. एवढंच. त्यात विष नव्हतं, धार नव्हती. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं साधं, खरं वाक्य. बोलायला काहीच कष्ट नव्हते. कष्ट ते न बोलायला होते – सगळं तोंड त्याला अडवून धरायला लागत होतं, आणि समोर काका इतक्या आपुलकीनं थांबले होते, की उत्तर न देणं हाच जणू उद्धटपणा होता.

‘सांग की,’ काका म्हणाले. ‘घरातलाच आहे मी.’

तिनं पाकिटाला हात घातला. काकांनी हात काढला नाही. दोघांच्या बोटांखाली कागद चुरचुरला. बाहेर कुणीतरी गाडी सुरू केली, बंद पडली, पुन्हा सुरू केली. ती मान वर करून बघू लागली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण काकांच्या डोळ्यांकडे बघत नाही आहोत.

‘त्याला ना...’ ती म्हणाली, आणि आपण पुढे काय बोलणार आहोत हे काकांइतक्याच उत्सुकतेनं ऐकत उभी राहिली.